जुनी गाडी, सागरी रस्ता

महोदय,

सेकंड हँड मोटारसायकल घेऊन कोकण किनाऱ्याच्या रेवस-रेड्डी मार्गाने घरी निघणाऱ्यांनी आधी टायरवरचे चार आकडे वाचावेत. ‘२३१८’ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतके जुने रबर कडक होते. वळणावर वाळू आली की हमखास घसरते. साखळीला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील ठेवा. दिघी, वेश्वी, दाभोळच्या फेरीबोटीच्या धक्क्यांवर ओहोटीत शेवाळलेला उतार उघडा पडतो. तिथे पहिला गिअर ठेवा, पुढचा ब्रेक मात्र अजिबात नको. घरी पोहोचताच गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खार साखळी आणि वायरींचे जोड खातो. गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९, ३० आणि विम्याचे हस्तांतर मात्र निघण्याआधीच मार्गी लावा.

– गॅरेज व्यावसायिक, दापोली