बेज प्रायमर सगळ्यांना चालत नाही

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या मेकअपच्या सदरात बेज आयशॅडो प्रायमर (आयशॅडोच्या आधी पापणीवर लावायचा थर) कुणालाही चालतो, असं छापून आलं. मी मेकअप आर्टिस्ट आहे, आणि स्वतः चांगली काळीसावळी. आमच्या पापणीवर बेज प्रायमर राखाडी दिसतो. त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याची झाक वर येते आणि त्यावर लावलेला मरून रंग मातकट होऊन बसतो. त्यापेक्षा पारदर्शक प्रायमर घ्यावा, नाहीतर पापणीच्या रंगाशी जुळणारा. पापणी बहुधा गालापेक्षा गडद असते, म्हणून शेड मनगटावर नव्हे, पापणीवरच बघावी, तीही दिवसाउजेडी. काळसरपणा झाकायचाच असेल (मला विचाराल तर कशाला?) तर आधी केशरी करेक्टरचा (काळसर छटा दबवणाऱ्या क्रीमचा) पातळ हात द्यावा. पांढरा बेस फक्त निळ्या-पिवळ्यासारखे भडक रंग उठून दिसावेत म्हणून, तोही रंग लावायचा तेवढ्याच भागात.

प्रायमर लावताना बोटाच्या टोकावरचा ठिपका पुरतो. अनामिकेने थोपटत पसरावा, घासू नये, मिनिटभर थांबावं. थर जाड झाला की पापणीच्या घडीत रंग गोळा होऊन रेघ पडते.

पुढच्या लेखासोबत सावळ्या पापणीचा एखादा फोटो छापा, ही विनंती.

– एक मेकअप आर्टिस्ट