आईची खाट बाळाशेजारी लावा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली अधिपरिचारिका. नोकरीत असते तर हे पत्र लिहायची हिंमत झाली नसती.

शेवटची वर्षं एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात काढली. दीड किलोचं बाळ वॉर्मरखाली आणि त्याची आई वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात. ओले टाके सांभाळत जिना उतरायची, दाराबाहेर ताटकळायची. बोलावलं की तासभर बाळ छातीशी धरायची, की पुन्हा वर. कक्षात खुर्च्या दोनच, बाळं पंधरा. रजिस्टरात ‘केएमसी दिले’ (कांगारू मदर केअर, म्हणजे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरणं) लिहिलं की आम्ही मोकळ्या.

कांगारू मदर केअर नवी नाही. इनक्युबेटर पुरेनात म्हणून कोलंबियातल्या बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाअखेर ती सुरू केली. पण बाळ आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे, असंच आम्हाला शिकवलेलं. ते चूक ठरलं. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत (आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग) १ ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांवर चाचणी झाली. जन्मल्यावर लगेच आईच्या छातीवर ठेवलेल्यांत २८ दिवसांच्या आत १२ टक्के बाळं दगावली, स्थिर होण्याची वाट पाहिली तिथे १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट की चाचणी मुदतीआधीच थांबवली. निकाल २०२१ मध्ये छापून आले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारसच बदलली.

खरी गोम तासांत आहे. पहिल्या गटातल्या बाळांना कक्षात दिवसाकाठी सुमारे १७ तास आईची ऊब मिळाली, दुसऱ्या गटाला दीड तास. आमच्या रजिस्टरातला तास त्या दुसऱ्या गटाइतकाही नव्हता!

आता १७ तास खुर्चीवर कोण बसेल? बाळंतीण तर नाहीच. म्हणून आईची खाट कक्षातच हवी, तिचं जेवण आणि तपासणीही तिथेच. ती थकली की आजीनं किंवा बापानं बाळ घ्यावं. ‘पुरुषांना प्रवेश नाही’ ही पाटी काढा. स्वतः श्वास घेणारं बाळ आईकडे द्यायला सिस्टरनं राउंडची वाट का पाहावी? तसा लेखी अधिकार द्या. आणि केएमसीत तयार झालेल्या सिस्टरला सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात टाकू नका. मी स्वतः अशी दोनदा हलवली गेले, दोन्ही वेळा मागे राहिलेल्या नवख्या मुलींना शिकवायला कुणी नव्हतं.

पुढच्या एसएनसीयूची फीत कापायला जाल तेव्हा वॉर्मर मोजून दाखवतील. आयांच्या खाटा कुठे आहेत, तेवढं विचारा.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका