आरक्षण टाकताय तर तारीख आणि पैसे पण टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या शहराचा नवीन विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जागेवर काय होणार याचा नकाशा, बनवायला घेतलाय अशी बातमी तुमच्याकडे वाचली आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं, कारण मागच्या आराखड्याने आमच्या घराचं काय झालं ते आम्ही अजून भोगतोय.

आमचं गावाला लागून 22 गुंठे रान आहे. आमचे वडील आण्णा 2003 मध्ये तिथं घर बांधायची परवानगी मागायला नगरपरिषदेत गेले तेव्हा त्यांना टेबलावर कळलं की 1998 च्या आराखड्यात या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय, म्हणजे ही जागा पुढे मैदानासाठी घ्यायची म्हणून राखून ठेवलीय. तोपर्यंत घरी एक कागद आलेला नव्हता. कायद्यात तसं बंधनच नाहीये, आराखडा राजपत्रात आणि पेपरमध्ये जाहीर करायचा, 30 दिवसांत लोकांनी हरकती द्यायच्या आणि ज्याच्या रानावर आरक्षणाचा रंग पडला त्याने तो स्वतः जाऊन नकाशात शोधायचा. रोज पहाटे म्हशींच्या धारा काढणारा माणूस आपल्या भागाचा नकाशा आणि जागा कुठल्या झोनमध्ये आहे याचा दाखला बघायला कधी जाणार हो?

मग आण्णांची पंधरा वर्षं चकरा मारण्यात गेली. बांधायला परवानगी नाही, बँक म्हणते आरक्षणाची जागा तारण चालत नाही, ताईच्या लग्नाला विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक निम्म्या भावाला पण उभं राहीना. रस्त्याच्या पलीकडे येलो झोन, म्हणजे राहायला घरं बांधता येतात तो भाग, तिथल्या माणसाने गाळे काढले, त्याचं भाडं चालू झालं. त्याचं चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही, चांगलंच झालं त्याचं, पण मधे फक्त एक रस्ता आणि नकाशावरची एक रेघ होती एवढंच सांगतोय. आण्णा 2018 ला गेले. मैदान काही झालं नाही, तिथं आज पण बाभळी आहेत आणि शेजारच्या वस्तीतली पोरं डांबरी रस्त्यावर क्रिकेट खेळतात.

मला दोन वर्षांपूर्वी एका वकिलांनी सांगितलं की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये कलम 127 आहे. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक सातबारा वगैरे कागद जोडून नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे 2008 ला आमचा हक्क तयार झालेला होता आणि आण्णा त्यानंतर पण दहा वर्षं त्याच ऑफिसात जात होते, त्यांना एकानेही हे सांगितलं नाही. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

आणि ही मुदत बघा कशी वाढत गेली. आधी नोटिशीनंतर 6 महिने होते, 2009 च्या दुरुस्तीत 12 झाले, 2015 मध्ये 24 झाले. म्हणजे 10 वर्षं थांबलेल्या माणसाला अजून 2 वर्षं थांबा. नुसता ठराव करून वर प्रस्ताव पाठवला म्हणजे संपादन सुरू झालं असं होत नाही, हे गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2007 मध्येच सांगितलंय. परत फेब्रुवारी 2025 मध्ये एका जागेच्या खटल्यात, जी 33 वर्षं आरक्षणात अडकून पडली होती, कोर्टाने स्पष्ट म्हटलं की मालकावरचं असं बंधन बेमुदत चालू ठेवता येणार नाही. पण सुप्रीम कोर्टापर्यंत जायची ताकद 22 गुंठेवाल्याकडे कुठून येणार?

ज्यांच्याकडे आहे ते वाट काढतात. आरक्षण म्हणून मालक वैतागलेला असतो, त्याच्याकडून कमी भावात साठेखत (विक्रीचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सह्या करायचा अधिकार) करून घ्यायचं, मग वकील लावून 127 ची नोटीस द्यायची, नगरपरिषदेकडे पैसे नसतातच, आरक्षण उठतं आणि बिल्डिंग उभी राहते. आमच्याकडे पण एक जण असा येऊन गेला, आईने दारातूनच परत पाठवला. यात शेतकऱ्याचं नुकसान आहेच पण गावाचं पण आहे, गावाचं मैदान गेलं ते गेलंच.

कोणी म्हणेल म्हणजे तुम्हाला झोनिंगच नकोय. तसं नाही. सांगली कोल्हापूरचा 2019 चा आणि 2021 चा पूर बघितलेला माणूस असं म्हणूच शकत नाही. निळ्या पूररेषेच्या आत बांधू देऊ नका, ओढ्यावर भराव टाकू देऊ नका, माझ्या भिंतीमुळे दुसऱ्याच्या घरात पाणी शिरणार असेल तर मला थांबवा आणि त्याचे पैसे पण देऊ नका, मी मागणार नाही. पण मैदानाचं तसं नाहीये. माझ्या घराने कोणाचं नुकसान होत नव्हतं, गावाला मैदान हवं होतं, हवंच होतं, मग गावाने वर्गणी काढतो तसं सगळ्यांनी मिळून द्यायला पाहिजे, एकाच घराच्या ताटातून कसं काढता?

पैशांऐवजी टीडीआर घ्या असं सांगतात, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क, जो विकता पण येतो. मोठ्या शहरात ठीक आहे, तिथं विकला जातो, आमच्या गावात चार मजल्यांच्या वर कोण जात नाही तर माझा टीडीआर घेणार कोण? आणि तो मालकाच्या संमतीनेच देता येतो, सक्ती नाही, हे पण टेबलावर कोणी सांगत नाही. त्यापेक्षा नगररचना योजना म्हणजे टीपी स्कीम का करत नाहीत? सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून प्रत्येकाची थोडी थोडी रस्त्याला मैदानाला काढायची आणि बाकीचा नीट आखलेला प्लॉट ज्याचा त्याला परत द्यायचा. मुंबई इलाख्यात 1915 पासून याचा कायदा होता, 1966 च्या कायद्यात पण त्यावर अख्खं प्रकरण आहे, शेजारच्या गुजरातने शहरंच्या शहरं अशी वाढवली आणि आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी रंग टाकून मोकळे होतात.

म्हणून नवीन आराखड्यासाठी माझी मागणी आहे. आरक्षण टाकताना त्या गट नंबरच्या मालकाला रजिस्टर पोस्टाने कळवा, मराठीत, कलम 127 सकट. आणि दरवर्षीच्या बजेटमध्ये आरक्षणांची यादी छापा, कुठली जागा कुठल्या वर्षी घेणार आणि त्याला किती पैसे ठेवलेत. ज्याला पैसे ठेवता येत नाहीत ते आरक्षण टाकूच नका. दहा आरक्षणं टाकून एक पण न घेण्यापेक्षा तीन टाका आणि तिन्ही घ्या. नगरसेवकांनी पण हरकतींच्या 30 दिवसांत वॉर्डात नकाशा लावून बसावं, लोकांना आपापला गट नंबर शोधून द्यावा, यासाठी जीआरची वाट बघायची गरज नाहीये.

आम्ही नोटीस गेल्या वर्षी दिलीय, पोच घेतलीय, 24 महिने अजून संपायचेत. तोपर्यंत नगरपरिषदेने योग्य मोबदला घेऊन यावं, आम्ही सगळी भावंडं त्याच दिवशी सही करू. मैदान व्हावं असं आण्णांना शेवटपर्यंत वाटत होतं, फक्त जागेचे पैसे मिळावेत एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा