क्रॉस-लिंकिंगने चष्मा जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावरील केराटोकोनसचा, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचा, आणि त्यावरच्या क्रॉस-लिंकिंग या उपचाराचा लेख वाचला. हा विषय घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याला ‘चष्म्याला निरोप’ हे शीर्षक कोणी दिले? क्रॉस-लिंकिंगने चष्मा जात नाही. पातळ होऊन पुढे येणारा कॉर्निया आहे तिथे थांबावा, एवढ्यासाठीच ते करतात. गेलेली नजर त्याने परत येईल असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही.

शीर्षक एक वेळ सोडून देईन, पण क्रॉस-लिंकिंगबद्दलचे चौकटीतले वाक्य सोडवत नाही: ‘अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच विचार करावा.’ अठरा वर्षांची अट नंबर घालवण्याच्या लेसरची आहे, आणि ते लेसर तर केराटोकोनसमध्ये करायचेच नसते. हा आजार लहान वयातच जास्त वेगाने वाढतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या ६० मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षात क्रॉस-लिंकिंग केलेल्यांपैकी दोघांचा आजार वाढला, न केलेल्यांपैकी बारा जणांचा.

हे वाक्य मी आधीही ऐकले आहे, म्हणून इतके लागले. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना तिचा सिलिंड्रिकल, म्हणजे तिरका नंबर दर सहा महिन्यांनी वाढत होता. चष्मा नवा, काच नवी, तरी फळ्यावरच्या अक्षरांना सावल्या. सतत डोळे चोळायची आणि मी तिलाच रागवायची. आम्हाला सांगितले गेले, ‘वाढीचे वय आहे, अठराची झाली की लेसर करून टाकू.’ दोन वर्षे कोणी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करायला सांगितली नाही. शेवटी दुसरीकडे ती झाली तेव्हा उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाची जाडी सर्वांत पातळ जागी ३७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाली. नेहमीच्या पद्धतीने क्रॉस-लिंकिंग करायला किमान ४०० लागतात. डावा डोळा तेवढा वेळेत सापडला.

त्या डाव्या डोळ्याचे क्रॉस-लिंकिंग झाले, तो वेळ मी बाहेर बाकावर बसून घड्याळ बघत काढला. डोळा बधिर करून कॉर्नियावरचा पातळ थर काढतात. मग अर्धा तास रिबोफ्लेविनचे, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब आणि पुढे अर्धा तास अतिनील प्रकाश. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि तो ताठ होतो. तुमच्या लेखात ‘वेदनारहित’ म्हटले आहे. करताना दुखत नाही, खरे आहे. पण त्या रात्री बधिरपणा उतरल्यावर पोर उशीत तोंड खुपसून रडत होती. तीन दिवस उजेड सहन होईना. डोळ्यावर पट्टीसारखी बसवलेली लेन्स काढल्यावरही कित्येक आठवडे धूसर दिसत होते. आम्हाला हे आधी सांगितले होते म्हणून धीर राहिला. तुमचा लेख वाचून जाणाऱ्या आईला वाटेल, काहीतरी बिघडले.

डावा डोळा आज तीन वर्षे जागच्या जागी आहे. चष्मा आहेच. उजव्याला कडक लेन्स लागते, आणि पुढेमागे कॉर्निया बदलावा लागेल का, हा प्रश्न प्रत्येक तपासणीला आमच्याबरोबर येतो. आणि तुम्ही याला ‘अगदी नवे तंत्र’ म्हणता! जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये छापले, अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. उपचार होता, माझ्या मुलीपर्यंत तो उशिरा पोचला.

कृपया चौकटीतली चूक त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्त करा. मुलाचा तिरका नंबर भराभर बदलत असेल तर टोपोग्राफी करून घ्या, डोळे चोळू देऊ नका, ही दोन वाक्ये तिथे बसतील.

आणखी एक. तुमच्या रविवार पुरवणीत गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरे छापता. केराटोकोनस असलेल्याला अशा प्रत्येक अक्षराला शेपूट फुटलेले दिसते. माझ्या मुलीला ती पुरवणी फार आवडायची. आता मी तिला वाचून दाखवते.

आपली,
नियमित वाचक
(नाव छापू नये, ही विनंती)