ताट वाजवून बाळाचे कान तपासू नका

संपादक साहेब, नमस्कार.

"मांसाचा गोळा तो, त्याला काय कळतंय एवढ्यात" असं तान्ह्या बाळाबद्दल घरातली मोठी माणसं अजूनही सहज बोलून जातात म्हणून हे पत्र. १९९० साली फिनलंडमधल्या किम्मो आल्हो वगैरे संशोधकांनी झोपलेल्या नवजात बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवले, १००० हर्ट्झचा एकच बीप परत परत ऐकवला आणि मधेच कधीतरी १२०० चा टाकला, तर त्या वेगळ्या बीपला मेंदूचा रिस्पॉन्सही वेगळा आला. झोपेत बरं का! म्हणजे आधीचा आवाज मेंदू धरून ठेवतो आणि नवा त्याच्याशी ताडून बघतो. पुढे २००९ मध्ये हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवून मधूनच समेवरचा ठोका गाळला तर तेही त्यांच्या मेंदूने पकडलं, आपल्यातल्या कित्येकांना मैफलीत बसून ते जमत नाही.

पण हे सगळं कधी, तर कानातून आवाज आत पोचला तर. साधारण हजारात एक ते तीन बाळं ऐकण्याचा दोष घेऊन जन्मतात आणि बघून काहीच कळत नाही, कारण ती बाळंही इतरांसारखीच रडतात. आमच्या नात्यातल्या एका बाळंतपणात डिस्चार्जच्या फाईलमध्ये लसींचा तक्ता होता, बिलात कापसाचे सुद्धा पैसे लावलेले, कानाच्या टेस्टचं नावच नाही. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या टाळी वाजवली की दचकतंय ना, मग झालं. घरी आल्यावर आजीने उशाशी ताट बडवून खात्री करून घेतली, आता ताट एवढ्या जवळ बडवलं तर वारा लागून, पाळणा हादरूनही बाळ दचकणारच की!

ओएई टेस्टमध्ये कानात छोटी प्रोब ठेवून आवाजाला कान आतून प्रतिसाद देतो का ते बघतात, बाळ झोपलेलं असलं तर उलट बरंच, काही मिनिटांत होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव राहिल्यामुळे रिपोर्ट 'रेफर' (म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा) येऊ शकतो, घाबरायचं नाही, परत करायची, मात्र टाळायची नाही. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळांची बेरा टेस्टही, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी, करावी लागते कारण दोष कानाऐवजी नसेत असेल तर ओएई पास दाखवते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत ऐकायचं मशीन किंवा पुढचे उपचार सुरू असा जगभरचा हिशोब आहे, आपल्याकडे मात्र बरेच जण "याचा बाप पण उशिराच बोलायला लागला" म्हणत दोन-दोन वर्षं घालवतात. गर्भसंस्काराच्या सीडीला हजार रुपये देतील, या टेस्टची चौकशी करणार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की लसीकरणाच्या कार्डावरच कानाच्या तपासणीचा रकाना हवा आणि तो भरल्याशिवाय, सरकारी असो की खाजगी, डिस्चार्ज देऊ नये. तपासणीचं मशीन नसेल तिथे तारीख आणि ठिकाण लिहून द्यावं. तोवर निदान तुमच्या पेपरने आपल्या जिल्ह्यात ओएई आणि बेरा कुठे कुठे होतात त्याची यादी छापावी ही विनंती.

— एक वाचक, सांगली