मालधक्क्याशिवाय ब्रॉडगेज कुणाच्या कामाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाचोरा-जामनेर रेल्वेच्या ब्रॉडगेजविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. मंजुरी, मोजणी, भूसंपादन, पुढाऱ्यांची निवेदने, सगळे येते. या सगळ्या चर्चेचा रोख मात्र एकाच प्रश्नावर असतो : प्रवासी गाडी केव्हा सुरू होणार? प्रश्न रास्तच आहे. मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबलेली आमची ‘पीजे’ पुन्हा कधी धावलीच नाही, आणि वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर या गावांच्या नशिबी एसटी आणि काळीपिवळी तेवढी उरली. पण या घाईत एक गोष्ट सगळेच विसरलेले दिसतात. ही रेल्वे मुळात माणसांची ने-आण करायला टाकलेली नव्हती. ती टाकली कापसासाठी.

पहिले महायुद्ध संपता संपता ही 56 किलोमीटरची नॅरोगेज सुरू झाली. त्याच्याही आधी, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला होता. मुख्य लोहमार्ग भुसावळवरून नागपूरकडे गेला खरा, पण जामनेरचा कापूस बैलगाडीनेच पाचोऱ्याला न्यावा लागे. अडीच फूट रुंदीची ही छोटी रेल्वे त्या बैलगाड्यांच्या जागी आली. प्रवाशांचे डबे तिला सोबतीने जोडले गेले. पुढे माल गेला, डबे राहिले आणि लोकांच्या मनात ती झुकझुक गाडी म्हणूनच उरली.

आमचे घराणे हुंडेकऱ्यांचे, म्हणजे माल पाठवायचे काम घेणाऱ्यांचे, त्यामुळे घरात या मालाच्याच गोष्टी ऐकल्या. सरकीपासून वेगळी झालेली रुई दाबून गाठ बांधली, की तिचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते. अशी गाठ हमाल लोखंडी आकडा रुतवून, गुडघ्याचा रेटा देऊन लोळवत नेतो. जामनेरला ती छोट्या वॅगनमध्ये चढायची. पाचोऱ्याला पुन्हा उतरायची, धक्क्यावरून पलीकडे जायची आणि मोठ्या वॅगनमध्ये चढायची, कारण दोन रुळांची रुंदी वेगळी. म्हणजे मुंबईला जाणाऱ्या एकाच गाठीची हमाली दोनदा. त्यात मोठी वॅगन वेळेवर मिळाली नाही तर माल धक्क्यावर पडून. पावसाचे ढग आले की ताडपत्रीसाठी धावाधाव, आणि आकडे लागून फाटलेल्या तरटातून रुई बाहेर आली की नुकसानभरपाईचे अर्ज. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात असायची, माल कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसायचे.

म्हणून ट्रकने रेल्वेचा माल पळवला, हे म्हणणे मला अर्धेच पटते. ट्रक जिनिंगच्या दारात येतो आणि गिरणीच्या दारात माल उतरवतो, हे त्याचे बळ आहेच. पण रेल्वेनेही लहान गिऱ्हाईक स्वतःहून सोडले. एक-दोन वॅगन माल घ्यायचा, भुसावळसारख्या यार्डात त्या वॅगनी तोडून-जोडून योग्य गाडीला लावायच्या, हा उद्योग 1980 च्या दशकापासून मोडीत निघाला. आता हिशेब पूर्ण रेकचा, म्हणजे अख्ख्या मालगाडीचा. बंदिस्त डब्यांचा एक रेक म्हणजे 42 वॅगनी आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल. नव्या जातीच्या वॅगनी असतील तर रेक 58 चा. तोही ठरावीक तासांत भरून द्यायचा, नाहीतर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड. शेंदुर्णीचा आडत्या एकट्याने अडीच हजार टन मका कुठून आणणार? देशभरात 1951 साली 85 टक्क्यांच्या घरात असलेला रेल्वेचा मालवाहतुकीतला वाटा 27 टक्क्यांच्या आसपास घसरला. आता 2030 पर्यंत तो 45 टक्क्यांवर न्यायचे राष्ट्रीय रेल्वे योजनेत लिहिले आहे. तो कुठल्या गावांतून वाढणार, हे विचारायची पाळी आपली आहे.

मंजूर प्रकल्पात हा मार्ग जामनेरला न थांबता पुढे बोदवडपर्यंत जातो, एकूण 84 किलोमीटर. याचा अर्थ नीट पाहावा. पाचोरा मुंबईच्या मार्गावर, बोदवड नागपूरच्या मार्गावर. म्हणजे भुसावळच्या गर्दीत न शिरता मुंबईकडची मालगाडी परस्पर नागपूरकडे काढता येईल असा वळसा तयार होतो. आडगल्लीत संपणाऱ्या शाखेची दैना आपण धुळ्याला पाहिली आहे. चाळीसगाव-धुळे मार्ग 1900 साली सुरू झाला आणि शंभरावर वर्षे धुळ्यातच संपत राहिला. आता बोरविहीर-नरडाणा आणि सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गामुळे त्याला पुढची वाट मिळेल. दोन्ही टोके मोकळी असली की शाखेला जीव येतो, एवढे त्यावरून कळते.

मला भीती वाटते ती इथेच. वळसा रेल्वेच्या सोयीचा आहे, म्हणून मार्ग होईलही. कोळशाच्या, सिमेंटच्या गाड्या शेंदुर्णी-पहूरवरून धडधडत जातील आणि आमचा मका मात्र फाटकाबाहेर ट्रकमध्ये उभा राहून गाडी जायची वाट पाहील. जमीन आमची, धूळ आमची, माल दुसऱ्याचा. नव्या मार्गावर कुठल्या स्थानकात मालधक्का होणार, यावर मी अजून एकही जाहीर चर्चा ऐकलेली नाही. नंतर बघू म्हटले, तर नंतर जागा नसते. पूर्ण रेक उभा करायला सुमारे पाऊण किलोमीटरची बाजूची रूळजोडी लागते, तिच्या कडेला ट्रक वळतील असा पक्का धक्का, शेड, वजनकाटा आणि पावसाळ्यातही टिकणारा रस्ता लागतो. हे आराखड्यात आताच धरले नाही तर पुढच्या पिढीने पुन्हा भूसंपादन करायचे काय?

कुणी म्हणेल, इथे रेक भरण्याएवढा माल आहे तरी कुठे? बारमाही नाही, हे मीही मान्य करतो. कापसाच्या गाठी आता बऱ्याच अंशी ट्रकनेच जातील, त्यावर आशा ठेवण्यात अर्थ नाही. पण दिवाळीनंतर जामनेर, पाचोरा, बोदवड या तिन्ही तालुक्यांत मक्याचे ढीग लागतात. कोंबडीखाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉल असे त्याचे गिऱ्हाईक लांबलांबचे आहे. रेल्वे परवडते ती लांब पल्ल्यालाच. उलट दिशेने खत येते. जूनमध्ये जळगावला ‘रेक लागला’ अशी कुणकुण लागली की युरियासाठी कृषी केंद्रांसमोर रांगा लागतात, तो युरिया मग ट्रकने भाडे खात जामनेरला पोचतो. खताचा रेक इथेच रिकामा झाला आणि त्याच वॅगनी मका भरून गेल्या, तर दोन्ही बाजूंचे गणित बसते. एका व्यापाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, ट्रकवाला रात्री दहाला फोन उचलतो. तुमची रेल्वे उचलेल का?” त्याला उत्तर देता आले नाही. त्याचा टोला रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावा असाच आहे.

केळीचा अनुभव ताजा आहे. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांतून दिल्लीकडे केळीच्या वॅगनी जायच्या, मग ट्रक वरचढ ठरले. किसान रेल आली तेव्हा सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगरला पुन्हा केळी निघाली, पण ते सारे भाड्यातल्या 50 टक्के सवलतीच्या टेकूवर. टेकू कायमचा नसतो. तरीही सावद्याने एक गोष्ट दाखवली : जिथे धक्का आणि भरायची सवय शाबूत आहे, तिथे संधी आली की माल चढतो. जामनेरला उद्या कुणी मोफत रेक दिला तरी तो लावायचा कुठे?

डिसेंबर 2021 पासून रेल्वेचे गतिशक्ती कार्गो टर्मिनलचे धोरण लागू आहे. खासगी कंपनीच काय, सहकारी संस्थाही पुढे येऊन असा धक्का उभारू शकते. आपल्या बाजार समित्या निवडणुकीत जेवढी ताकद लावतात, तिच्या निम्मी यात लावली तरी पुरे. तिन्ही तालुक्यांच्या समित्यांनी मिळून हंगामात किती मका, किती खत, किती सरकी-ढेप, याचा महिनावार आकडा काढून भुसावळच्या विभागीय कार्यालयात द्यावा. रेल्वेला भावनांचे निवेदन नको असते, टनांचे हवे असते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. प्रकल्पाचा आराखडा मिळवून स्थानकवार छापा : कुठल्या स्थानकात किती रूळजोड्या, त्यांची लांबी किती, मालधक्का आहे की नाही. मोजणीचे खांब रोवून झाल्यावर हे वाचायला मिळाले तर उपयोग नाही.

आपला,
एक वाचक
शेंदुर्णी, ता. जामनेर, जि. जळगाव