बाबांनी विचारलं, कुठला होस्टा?

प्रिय आई-बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर मागचं अंगण दाखवत होते तेव्हा बाबांनी विचारलं ना, ती मोठाल्या पानांची झाडं कसली, आणि मी होस्टा म्हटल्यावर लगेच "कुठला होस्टा?" आता हे कॉलवर काय सांगणार, म्हणून लिहितेच सविस्तर. पोरं पोहायला गेलीयत, घर शांत आहे.

हे घर आम्ही ज्या आजींकडून घेतलं त्यांनी उत्तरेच्या भिंतीलगत आणि मेपलच्या सावलीत सगळे होस्टाच लावलेत, पण पाटी एकाही ठोंबाजवळ नाही. हिवाळ्यात हे झाड जमिनीवर दिसतच नाही, वरचा भाग पार मरून जातो, आणि मे महिन्यात मातीतून टोकदार कोंब वर येतात. मूळचं जपान, कोरिया, चीनकडचं, ऊन नको, सावली पाहिजे, म्हणून इथे मिनेसोटात घरोघरी आहे. आणि नोंद झालेल्या जाती म्हणाल तर काही हजार! त्याचं कारण असं की एका ठोंबातला एखादा कोंब आपोआप वेगळ्या रंगाचा निघतो, कडा पांढरी नाहीतर मधे पिवळा पट्टा, तो वेगळा काढून लावला की झाली नवीन जात. त्यात आपल्याकडे जळगावला केळीची रोपं करतात तसं ह्याचंही टिश्यू कल्चर होतं, त्यात तर असे वेगळे कोंब सारखेच निघत राहतात.

फोनमधल्या ॲपने सांगेल की, असं बाबा म्हणणार मला माहितीये. ॲप सांगतं हो, सकाळी एक नाव आणि दुपारी त्याच झाडाचं दुसरं. पानाच्या फोटोवरून हे होतच नाही. सावलीत पान वेगळं, उन्हात वेगळं, आणि नवीन लावलेलं रोप चार-पाच वर्षांनी आपल्या खऱ्या आकाराला येतं, तोवर त्याची पानं पण वेगळीच दिसतात. निळ्या पानांचं तर विचारूच नका. ती निळाई रंगाची नसतेच, काळ्या द्राक्षावर जो पांढुरका थर असतो ना तसा मेणाचा थर असतो, अंगठ्याने चोळला की खाली साधं हिरवं पान. जुलैच्या उन्हाने आणि पावसाने तो थर आपोआपच जातो, आता ऑगस्टमध्ये माझे निळे होस्टा सगळे हिरवे झालेत, म्हणजे त्यांची ओळखपरेड आता पुढच्या जूनमध्येच.

मग बघायचं काय, तर शिरांच्या जोड्या मोजायच्या, देठावर लाल ठिपके आहेत का, पानाची मागची बाजू चकचकीत की पांढुरकी, फुलाचा दांडा किती उंच, फूल कधी येतं, आणि परागकोश पिवळे की जांभळे. हे शेवटचं कळी उघडल्या उघडल्या बघावं लागतं, ते फुटून पराग बाहेर आले की सगळे सारखेच दिसतात. शेजारची बाई मला भिंग घेऊन वाकलेली बघून काय समजत असेल देव जाणे.

एक मात्र पक्का सापडला. किचनच्या खिडकीखालचा, संध्याकाळकडे उमलणारी पांढरी लांब फुलं आणि वास असा की दार उघडल्यावर घरात येतो. तो प्लँटाजिनिया, चीनमधला. बहुतेक होस्टांना वास नसतोच, ह्याला आणि ह्याच्या पोरा-नातवंडांना असतो. त्याचंच एक पोर रॉयल स्टँडर्ड, ते दिसतं तसंच पण फूल बरंच लहान, म्हणून शिवणाच्या टेपने मोजलं, माझं फूल पाच इंचाला टेकतंय, म्हणजे मूळचाच. दुसरा मोठ्ठा, सुरकुतलेल्या पानांचा, पिवळसर कडेचा, तो बहुतेक फ्रान्सिस विल्यम्स, ह्या नावाच्या बाईंना १९३६ मध्ये कनेक्टिकटच्या एका नर्सरीत साध्या निळ्या रोपांच्या रांगेत तो सापडला होता. ह्याची खोड म्हणजे पिवळी कडा करपते, आणि माझ्याकडच्याची अगदी तश्शीच करपलीय. पण ऑरोरा बोरिआलिस नावाचा जवळजवळ हुबेहूब तसाच असतो, म्हणून बहुतेक म्हटलं.

पांढऱ्या कडेचे जे तीन आहेत ते पेट्रियट की मिनिटमन ह्यावर मी हात टेकलेत. दोघंही फ्रान्सी नावाच्या एकाच जातीतून निघालेले, सख्खे भाऊच. इथे चास्का गावाला मिनेसोटा युनिव्हर्सिटीचं मोठं उद्यान आहे, तिथे होस्टा पाट्यांसकट लावलेत, तिथे फोटो घेऊन जाऊन ताडून बघितलं, तरी ठरेना.

तर शेजारणीला त्यातला एक फुटवा हवाय. ती म्हणते, पेट्रियट लिहून टाक ना, काय फरक पडतो. मी नाही लिहिणार. ती उद्या तिच्या बहिणीला देणार, बहीण अजून कुणाला, आणि माझा अंदाज सगळीकडे खरा म्हणून फिरणार. इथले लोक अशाला सरळ नो-आयडी म्हणजे ओळख न पटलेला म्हणतात, मीही तेच लिहून देणार. आणि द्यायच्या आधी एक तपासणी आहेच. होस्टा व्हायरस एक्स म्हणून रोग आहे, १९९६ मध्ये इथल्याच युनिव्हर्सिटीत ओळखला गेला, पानात शिरांच्या कडेने शाई फुटल्यासारखं दिसतं. आधी लोकांना ती नक्षीच वाटायची, अशा रोगट झाडांना नवीन जात म्हणून नावंसुद्धा दिली गेलीत! औषध नाही, सुरीला लागलेल्या रसातून पसरतो, झाड उपटून फेकायचं. चाचणीच्या पट्ट्या मिळतात, त्या मागवल्यात.

आई, तुझा प्रश्न मला ऐकूच येतोय, वड्या होतात का म्हणून. जपानमध्ये कोवळे कोंब खातात खरंच, उरुई म्हणतात, पण मी अजून केलेले नाहीत. हरणं मात्र रोज खातात, आणि उरलेलं गोगलगायी.

यायचं ठरवाल तर मेच्या शेवटी या, मग जूनमध्ये निळे निळे दिसतील आणि बाबांना भिंग देऊन त्या पांढऱ्या कडेच्या तिघांपाशी बसवता येईल. तिकिटांचं दादाशी बोलते मी. गुडघ्याचा एक्सरे काढला का ते कळवा.

तुमची,
मनू